नाटकात खरी घोडी आणताय? मग पडद्यामागची तयारी या क्रमानं करा

दिवाळी झाली का मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्रीचं नाटक, हे आपल्या झाडीपट्टीत ठरलेलंच आहे. त्यात नाटक ऐतिहासिक असलं की मंडळाला वाटतेच का एक एंट्री घोड्यावरून झाली पाहिजे. मी घोडी घेऊन भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावोगावी फिरतो, वरातीत पण जातो आणि नाटकात पण, आणि दर सीझनला त्याच त्या चुका पाहून राहिलो. संध्याकाळी घोडी गाडीतून उतरवतात, जनरेटरच्या बाजूच्या खांबाला बांधतात, पोट्टे तिच्यासंग फोटो काढतात आणि रात्री दीड वाजता तिला अंधारातून एकदम फोकससमोर उभी करतात. मग ती बिथरली की म्हणतात घोडीच खराब होती. अरे बाप्पा, तिला दिवसभरात कोणी काही दाखवलंच नाही तं ती करेल काय!

काम उलट्या बाजूनं सुरू करा. आधी घोडी कुठं उभी राहील ते, मग मुक्कामाची जागा, मग बाहेर पडायचा रस्ता, मग ओळख, आणि एंट्री सगळ्यात शेवटी.

## १. आधी हे ठरवा: घोडी मंचावर चढणार नाही

आपल्याकडचा मंच बल्ल्या आणि फळ्यांचा असते. त्यावर दहा जण नाचतात म्हणून घोडी पण चालेल असं समजू नका. आपल्याकडची मारवाडी नाहीतर काठेवाडी घोडी साधारण ३५० ते ४०० किलोची असते, वरून खोगीर, वरून अंगात चिलखत घातलेला नट. त्यात घोड्याचं ६० टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवर असते, म्हणजे एवढा सगळा भार दोन खुरांएवढ्या जागेत. शिवाय लोखंडी नाल फळीवर घसरते, सिमेंटवर तं जास्तच.

माझ्या सुरुवातीच्या एका सीझनला मंडळानं आग्रह केला आणि मी ऐकलं, ती चूक माझी. घोडी मंचावर चढली, तीन पावलं चालली आणि मागचा उजवा पाय फळीतून खाली गेला. ती ओढाताण न करता उभी राहिली म्हणून पाय वाचला. मी तिच्या मानेला धरून बोलत राहिलो, सुतार खालून करवतीनं फळी कापत होता, आणि तिच्या पायाची थरथर मला तिच्या मानेपर्यंत जाणवत होती. टाचेच्या वर वीतभर कातडी सोलली होती. दोन महिने ती कामावर गेली नाही. तेव्हापासून माझी एकच अट असते, घोडी जमिनीवर, नट मंचावर.

म्हणून मंचाच्या बाजूनं जमिनीवर एक पट्टा काढा, ४० फूट लांब आणि १२ फूट रुंद. पट्टा प्रेक्षकांच्या डाव्या हाताला घ्या, म्हणजे घोडी मागून येऊन प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिली की तिची डावी बाजू मंचाकडे येते. नट डावीकडूनच उतरतो, तं सरळ पायरीवर पाय ठेवून मंचावर जाईल. उजवीकडं पट्टा काढला की नटाला घोडीला वळसा घालून जावं लागते आणि तेवढ्यात झगा रिकिबीत अडकते. समोर मधात पेटीवाले-तबलेवाले बसतात, तिथं घोडी आणूच नका.

तपासा: नाटक धान कापलेल्या बांधीत असेल तं पट्टा दिवसा पायानं चालून पाहा. भेगा, उंदरांची बिळं, धानाची धसकटं, बल्लीसाठी खोदून नुसते बुजवलेले खड्डे, सगळं सब्बलीनं ठोकून पाहून भरा. वरून दोन-तीन इंच मुरूम नाहीतर रेती टाका. तणस म्हणजे धानाचा पेंढा पसरू नका, कडक जमिनीवर तणसावरून खूर सरकते.

## २. घोडी पाहायला स्वतः जा, फोनवर ठरवू नका

आठ-दहा दिवस आधी जा, आणि ज्याला घोडीवर बसायचं आहे त्या नटाला संग घेऊन जा. रंग, उंची, कान किती वळले ते नंतर पाहा. आधी हे पाहा: अनोळखी माणूस जवळ गेल्यावर ती कान मागं पाडते का, चारही पाय उचलू देते का, प्लास्टिकची पन्नी हलवली तं एकदा दचकून शांत होते का पळायला पाहते. दचकणं चालते. दचकून परत खाली न येणारी घोडी नाटकाला नको.

वरातीची घोडी बॅण्ड आणि गर्दीला सरावलेली असते हे खरं, पण वरातीत उजेड तिच्यासंग चालते आणि लोक चारही बाजूनं असतात. नाटकात एका बाजूला काळोख आणि एका बाजूला आग ओकणारे लाइट. तिला ते नवीनच असते.

नाचणारी घोडी तं शक्यतो नकोच. तिला ठेक्यावर पाय उचलायचं शिकवलेलं असते आणि आपल्या नाटकात ढोलकी-तबला जिवंत वाजते. महाराज गंभीर भाषण करून राहिले आणि घोडी ठेका धरून पाय आपटते, हे मी पाहिलं आहे. त्यात तिचा काय दोष, तिनं शिकलेलं केलं. दुसरी घोडी मिळतच नसेल तं वादकांना सांगून ठेवा का घोडी पट्ट्यात आहे तोपर्यंत फक्त पेटी नाहीतर ऑर्गन.

मालकाला तीन गोष्टी विचारा: धनुर्वाताची लस कधी दिली, नाल कधी बदलली, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी झाली का. घोड्याला धनुर्वात लवकर होते आणि मंचामागं खिळे पडलेले असतातच. नाल सहा ते आठ आठवड्यांनी बदलावी लागते, पण प्रयोगाच्या आदल्या दिवशी बदलू नका, नवीन नालेवर चार-पाच दिवस चालू द्या. आणि नाकातून घट्ट शेंबूड येत असेल, अंगावर गाठी असतील तं त्या घोडीला गावात आणूच नका, ग्लँडर्स माणसालाही होते.

इथं थांबा: लगाम हातात घेऊन पाहा. आत काटे असलेला लगाम असेल तं तो बदलायला सांगा, नाही ऐकलं तं दुसरी घोडी पाहा. काटेरी लगाम १९६५ च्या नियमांपासून बंद आहे, आणि खेळात हौशी नटाच्या हातात असा लगाम म्हणजे घोडीचं तोंड रक्तबंबाळ.

## ३. कागद

नाटकात जनावर वापरायचं तं २००१ च्या खेळ करणाऱ्या जनावरांच्या नोंदणी नियमांप्रमाणं नोंदणी लागते, ती मालकाकडं आहे का विचारा. प्रवासासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं आरोग्य प्रमाणपत्र घ्या. मालकाच्या तोंडी शब्दावर राहू नका, कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना दोन दिवस आधी भेटून सांगा का अमुक रात्री घोडी गावात आहे, त्यांचा नंबर घोडी धरणाऱ्या दोघांजवळ पाहिजे. १९६२ हा जनावरांच्या उपचारासाठीचा सरकारी फोन नंबर आहेच, पण रात्री दोन वाजता त्याच एका भरवशावर राहू नका.

## ४. मुक्कामाची जागा

घोडी आदल्या दिवशी दुपारपर्यंत गावात आली पाहिजे. एका दिवसाचं भाडं वाचवायला म्हणून मंडळं त्याच संध्याकाळी आणतात, आणि पुढच्या अर्ध्या चुका तिथूनच निघतात.

जागा मंचापासून शंभरेक पावलं लांब, जनरेटरच्या धुरापासून वाऱ्याच्या उलट्या बाजूला. कमीत कमी १२ बाय १२ फूट, वर टिन नाहीतर ताडपत्री, पण ताडपत्री घट्ट ताणलेली, फडफडणारी नको. गोठ्यातल्या बैलांसंग बांधू नका. तारेच्या कुंपणाला तं अजिबात नाही.

बांधायची दोरी तिच्या खांद्याच्या उंचीला आणि हातभर लांब. खाली बांधली, लांब ठेवली की पाय अडकते. गाठ अशी मारा का शेपूट ओढलं की एका झटक्यात सुटली पाहिजे. दोरी मोहरकीला म्हणजे तोंडावरच्या दोरीच्या पट्ट्याला बांधा, लगामाला कधीच नाही. अगाडी-पिछाडी म्हणजे पुढच्या-मागच्या पायांच्या दोऱ्या लावायच्या तं मालकालाच लावू द्या.

आता चारा-पाण्याचं, कारण इथं जीवच जाऊ शकते. घोड्याला उलटी होत नाही, पोटात चुकीचं गेलं की गेलं. आणि जठर लहान असते, म्हणून थोडं थोडं दिवसभर खायचं जनावर आहे ते. ३५० किलोच्या घोडीला दिवसाला ६-७ किलो सुका चारा लागते. मालकाकडं जो खात होती तोच चारा, तोच कोंडा पोत्यात भरून संग आणा, गावातलं नवीन काही सुरू करू नका. चंदी म्हणजे दाणा एका वेळेला दीड-दोन किलोच्या वर नाही, हरभरा असेल तं भिजवलेला.

हे देऊ नका:

- लाखोळी म्हणजे लाखेची डाळ. आपल्याकडं लाखोळी घरोघरी, तिचं कुटार बैल खातात म्हणून कोणीतरी प्रेमानं आणून टाकते. घोड्याला लाखोळी बाधते, मागचे पाय लुळे पडतात, गळ्याची नस जाऊन श्वास घरघरते.
- कोंबड्यांचं आणि ढोरांचं तयार खाद्य. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असते, घोड्याला ते विष आहे.
- जेवणावळीतला उरलेला भात, पुऱ्या, बुंदी. बायामाणसं श्रद्धेनं घोडीला खाऊ घालायला आणतात, त्यांना हात जोडून सांगा का मावशी, गाजराचा तुकडा द्या.
- सजावटीला आणलेली कण्हेर. पानं-फुलं दोन्ही विषारी, तोरण तिच्या तोंडापासून लांब पाहिजे.

पाणी दिवसभर समोर, २५-३० लिटर तं थंडीतही लागते. मंचासमोर लघवी करेल म्हणून दुपारपासून पाणी बंद करणारी मंडळं मी पाहिली आहेत. असं केलं की कोरडा चारा आतड्यात अडकते आणि पोटशूळ उठते. लघवी केली तं केली, रेती आहे.

तपासा: दिवसात किती वेळा लीद टाकली ते मोजायला एक पोट्टा ठेवा. आठ-दहा वेळा टाकते. सहा-सात तास काहीच नाही तं डॉक्टरला फोन, नाटकाचं नंतर पाहू.

## ५. रस्ता आखा, बाहेरचा आधी

मुक्कामापासून पट्ट्यापर्यंतचा आणि पट्ट्यातून बाहेरचा, दोन्ही रस्ते चुन्यानं आखा. घोडी ज्या बाजूनं आली त्याच बाजूनं उलटी वळवून न्यावी लागू नये, पुढूनच बाहेर निघाली पाहिजे. रुंदी आठ फुटांपेक्षा कमी नको. बाहेरच्या रस्त्यावर रात्री हमखास मोटरसायकली लागतात, चहाचा ठेला येते, म्हणून तिथं माणूस उभा करा ज्याचं दुसरं कोणतंच काम नाही.

वायर जमिनीवरून जात असेल तं पुरा, नाहीतर दहा फुटांवरून न्या. साउंडचे बॉक्स पट्ट्यापासून ३० फूट तरी लांब. प्रेक्षक आणि पट्टा यांच्यात बांबूचं कठडं, आणि कठड्यापासून दहा फूट जागा रिकामी. तिथं लहान पोरं येऊन बसतातच, उठवा, रागावले तं रागावू द्या.

## ६. ओळख: एका वेळेला एकच गोष्ट

लोक सगळ्यात जास्त इथं चुकतात, म्हणून सावकाश वाचा. घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्याला जवळपास चौफेर दिसते, पण नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही. अंधारातून उजेडात आल्यावर त्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा खूप जास्त वेळ लागते. त्यामुळे वायरची सावली त्याला खड्डा वाटू शकते. त्याला एका वेळेला पाच नवीन गोष्टी दाखवल्या तं भीती कशाची होती हे आपल्याला पण कळत नाही.

क्रम असा:

१. पहिल्या दिवशी संध्याकाळी, लाइट नाही, साउंड नाही. मोहरकीला धरून आत आणि बाहेर, पाच-सहा फेऱ्या. ती थांबून वास घेत असेल तं घेऊ द्या, ओढू नका.

२. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा. एकानं हळू वर-खाली करायचा, आधी २० फुटांवरून दाखवा, मग जवळ.

३. दुपारी आवाज. पेटी, मग ढोलकी, मग माइकवरून नटाचा आवाज, आधी बारीक मग मोठा. कान आवाजाकडं वळून परत सैल झाले की आवाज वाढवा.

४. त्याच वेळेला नट पूर्ण पोशाखात. एकदा टी-शर्ट घालून चार दिवस तालीम केलेला नट जिरेटोप, तुरा आणि झगा घालून आला आणि माझी घोडी चांदणी त्याच्याकडं अशी पाहत होती का जसा कोणी परका आला. तुरा हलला का ती दोन पावलं मागं. मग आम्ही जिरेटोप तिच्या नाकाजवळ धरला, तिनं हुंगला, ओठांनी तुरा चाचपला, एक मोठा श्वास सोडला आणि मान खाली घातली. दहा मिनिटांचं काम होतं. प्रेक्षकांसमोर ते दहा मिनिटं कोण देते? तलवार असेल तं म्यानातून काढायचा आवाज पण आत्ताच ऐकवा.

५. अंधार पडताना लाइट. एक-एक करून लावा, आणि घोडी पट्ट्यात उभी असताना लावा, लावलेल्या लाइटात तिला नेऊ नका. फोकस तिच्या डोळ्यांवर न पडता वरून तिरका पाहिजे.

इथं थांबा: धुराची मशीन, अनार, सुतळी बॉम्ब, बंदुकीचा आवाज, यातलं काहीही घोडीच्या प्रवेशात नाही आणि आधीच्या प्रवेशातही नाही. यावर मी कोणासंग तडजोड करत नाही.

## ७. प्रयोगाची रात्र

नाटक दहाला सुरू म्हणतात, उशीर होतेच. म्हणून घोडीचं वेळापत्रक घड्याळावर नको, प्रवेशावर ठेवा. प्रॉम्प्टरनं चार प्रवेश आधी निरोप पाठवायचा.

शेवटची चंदी एंट्रीच्या तीन तास आधी, त्यानंतर फक्त गवत चघळू द्या. चार प्रवेश आधी खरारा मारा, खुरं कोरा, खडे-खिळे पाहा. पाठीवर हात फिरवा, कणभर कचरा जरी राहिला तं खोगिराखाली फोड येते. खोगीर चढवा, तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा सैलच ठेवा. एकदम आवळला का घोडी पोट फुगवते, आणि दहा मिनिटांनी तंग ढिला होऊन खोगीर नटासकट फिरते.

दोन प्रवेश आधी तिला १५-२० मिनिटं चालवा, अर्ध्या उजेडात, म्हणजे पाय पण मोकळे होतात आणि डोळे पण. एक प्रवेश आधी तंग दुसऱ्यांदा आवळा, तंगाखाली दोन बोटं जावीत इतका. नट आत्ता बसेल. नाटक मधातच लांबलं, कोणी सत्कार काढला, तं नटाला उतरवा, तंग सैल करा, झूल टाका आणि चालवत राहा. पौषातल्या थंडीत उभी ठेवली का अंग आखडते.

इशारा शिट्टीनं नको, टॉर्चनं. शिट्टीवर पब्लिक पण शिट्ट्या मारते.

## ८. एंट्री

एक माणूस मोहरकीजवळ डाव्या बाजूला, मावळ्याच्या पोशाखात, म्हणजे दिसला तरी खटकत नाही. दुसरा बाहेरच्या रस्त्याच्या तोंडाशी. बाकी कोणी नाही, सरपंच नाही, व्हिडिओवाला नाही.

नटाला तीन गोष्टी पाठ करायला लावा: लगाम ओढून धरायचा नाही, टाच मारायची नाही, पहिलं वाक्य उतरल्यावर बोलायचं. तिच्या कानावर माइक धरून "हर हर महादेव" ओरडलं का ती उडालीच समजा. पट्ट्यात एकूण दोन मिनिटं, त्याच्या वर नाही. टाळ्या सुरू व्हायच्या आत तिला चालती करा, चालत्या घोडीला आवाज कमी बोचते.

ती तोंडाशीच अडली तं? मारू नका, मागून ढकलू नका, तिला गोल फिरवा आणि एकदा परत आणा. दुसऱ्यांदा अडली तं तिला परत न्या आणि नट पायी येईल. हा पायी यायचा प्रवेश तालमीत एकदा बसवून ठेवा, म्हणजे त्या वेळेला मंडळात भांडण होत नाही.

## ९. बाहेर आल्यावर

सगळे नाटक पाहायला पळतात आणि घोडी खोगिरासकट अंधारात उभी राहते, असं करू नका. तंग सैल करा, पण खोगीर लगेच उतरवू नका, दहा मिनिटं चालवा. मग खोगीर काढा, घाम पुसा, झूल टाका. पाणी बादलीतून थोडं थोडं, दोन-दोन मिनिटांनी, जमलं तं कोमट.

अर्ध्या तासानं जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून ठोके मोजा. आरामात असलेल्या घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ असतात. अर्ध्या तासानंही ६० च्या वर असतील तं काहीतरी दुखते. चारही पायांवरून वरून खाली हात फिरवा, कुठं गरम लागते का पाहा. चंदी तासाभरानंतरच.

ही लक्षणं दिसली तं लगेच डॉक्टर: वळून वळून पोटाकडं पाहणं, पुढच्या पायानं जमीन खरवडणं, वारंवार बसणं-उठणं, लोळणं, चारा नको म्हणणं, काम नसताना घाम सुटणं. हा पोटशूळ आहे. तेल पाजू नका, दारू पाजू नका, नाळीनं काही ओतू नका, श्वासनलिकेत गेलं का संपलं. चारा काढा, हळू चालवत राहा आणि फोन करा.

त्या रात्री तिला गाडीत चढवू नका. उभ्या उभ्या डुलकी घेते म्हणून झोप झाली असं नाही, थोडा वेळ तरी तिला आडवं व्हावं लागते, आणि ती आडवी तेव्हाच होते जेव्हा तिला जागा सुरक्षित वाटते. म्हणून जनरेटर बंद झाल्यावर तिच्याजवळ फक्त तिचा ओळखीचा एक माणूस झोपेल, शेकोटी लांब. सकाळी उजेडात पाय परत पाहा, लीद झाली का पाहा, पाणी पाजा, आणि मगच फळी लावून गाडीत चढवा, गाडीत खाली रेती नाहीतर पोती टाकलेली पाहिजेत.